‘पोदेरोसा’ बंद पडल्यावर

ऑक्टोबर १९५१. सतरा तारखेची सुट्टी साधून मेडिकलचा एक तेवीस वर्षांचा विद्यार्थी ब्यूनस आयर्सहून कॉर्दोबाला मित्राकडे आला होता. मित्राच्या घरी द्राक्षाच्या मांडवाखाली दोघं माते पीत बसले. माते म्हणजे तिकडचा कटिंग समजा, फक्त वेगळ्या पाल्याचा आणि नळीने ओढायचा. मित्र नोकरीला वैतागलेला, विद्यार्थी परीक्षांना. बोलता बोलता विषय लांब कुठेतरी भटकायला जाण्यावर आला आणि थेट उत्तर अमेरिकेपर्यंत पोचला. जायचं कशावरून? मित्राची मोटरसायकल होतीच. झालं, ठरलं!

असे प्लॅन आपल्याकडे टपरीवर दर शुक्रवारी होतात आणि शनिवारी पहाटे कुणीतरी फोन बंद करून झोपतो. या दोघांनी मात्र खरोखर व्हिसासाठी रांगा लावल्या, कागदपत्रं जमवली आणि ४ जानेवारी १९५२ ला ब्यूनस आयर्स सोडलं. विद्यार्थ्याचं नाव अर्नेस्टो गेव्हारा. टी-शर्टवर दिसणारा तो टोपीवाला ‘चे’ हाच, पण तेव्हा त्याला तसं कुणी म्हणत नव्हतं. अर्जेंटिनातली माणसं बोलताना वाक्यावाक्याला ‘चे’ म्हणतात, आपल्या ‘अरे’सारखं. हे नाव त्याला क्यूबन साथीदारांमुळे नंतर चिकटलं.

मित्र म्हणजे अल्बर्टो ग्रानाडो. वय एकोणतीस, शिक्षणाने बायोकेमिस्ट. अर्नेस्टो त्याच्या धाकट्या भावाचा वर्गमित्र. अर्नेस्टोला दोन वर्षांचा असल्यापासून दमा होता. त्याला कोरडी हवा मिळावी म्हणून घरच्यांनी गावसुद्धा बदललं होतं. अशा पोराला रग्बी खेळायचं होतं आणि त्याला टीममध्ये घेणारा कोच होता अल्बर्टो. दम लागला की अर्नेस्टो मैदानाबाहेर येई, इनहेलर ओढी आणि परत आत पळे. दोस्ती तिथली. पुढे अल्बर्टो एका कुष्ठरुग्णालयात काम करत होता, तेव्हा १९५० मध्ये हा सायकलला छोटं इंजिन बसवून तिथेही जाऊन आला. त्या एका फेरीत त्याने साडेचार हजार किलोमीटर काढले होते.

आता गाडीबद्दल. १९३९ ची नॉर्टन, ५०० सीसी. अल्बर्टोने तिचं नाव ठेवलं होतं ‘ला पोदेरोसा’, म्हणजे ‘जबरदस्त’. नावात काय आहे म्हणतात ते खरंच. दोन माणसं, तंबू, बोचकी असं सगळं लादलेली ही जबरदस्त बाई वाळूत घसरायची, खडीवर आडवी व्हायची. पडणं रोजचंच. तुटेल तिथे अल्बर्टो तार गुंडाळायचा. सुरुवातीला सोबत एक कुत्र्याचं पिल्लूही होतं. ते अर्नेस्टोने मिरामारला सुट्टीसाठी आलेल्या मैत्रिणीसाठी नेलं होतं आणि त्याचं नाव ठेवलं होतं ‘कमबॅक’. तिथे दोन दिवस राहायचं ठरलेलं, झाले आठ. पण नाव उपयोगी पडलं नाही. पुढे बारिलोचेला तिचं पत्र मिळालं, नातं संपल्याचं.

चिलीत शिरल्यावर दोघांनी एक भारी युक्ती केली. एका स्थानिक वर्तमानपत्रात त्यांनी स्वतःबद्दल छापून आणलं की, कुष्ठरोगाचे दोन अर्जेंटिनी तज्ज्ञ मोटरसायकलवरून दौऱ्यावर आहेत! एकाची तर डिग्रीसुद्धा पुरी झाली नव्हती. पण कात्रण दाखवलं की जेवण मिळायचं, गॅरेजवाले गाडी फुकट दुरुस्त करायचे. एका गावी नाचाच्या कार्यक्रमात अर्नेस्टोने पिऊन एका मेकॅनिकच्या बायकोला ओढायचा प्रयत्न केला आणि दोघांना लोकांच्या पुढे पळावं लागलं. पोरं काही संत नव्हती, हे लक्षात असलेलं बरं.

आणि मग गाडी कायमची गेली. जेमतेम दोन महिन्यांत. ट्रकवर टाकून ती सॅन्टियागोला आणली आणि तिथेच सोडली. जगभर ‘मोटरसायकलचा प्रवास’ म्हणून गाजलेल्या या जवळपास सात महिन्यांच्या भटकंतीतला मोठा भाग बिनमोटरसायकलचा आहे. माझ्या मते खरा प्रवास इथूनच सुरू होतो. गाडीवर होते तोवर ही दोन मध्यमवर्गीय, शिकलेली पोरं रस्ता बघत होती. गाडी गेल्यावर ट्रकच्या मागे, जहाजाच्या संडासात लपून, लोकांच्या पडवीत झोपून जावं लागलं. म्हणजे आता माणसांशी बोलण्यावाचून इलाज नव्हता.

वाल्पाराइसोला एका खाणावळीतल्या ओळखीतून अर्नेस्टोला एका म्हातारीला तपासायला नेलं. तिला दमा, वर हृदयाचा विकार. मोलकरीण म्हणून राबण्याची ताकद संपली तशी ती घरच्यांना ओझं झालेली. खोलीत घामाचा, धुळीचा वास. दम लागणं म्हणजे काय हे या डॉक्टरला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. त्याच्याकडे होत्या त्या थोड्या गोळ्या त्याने दिल्या, काय खायचं ते सांगितलं. त्याहून जास्त करण्यासारखं काही नव्हतं, आणि हे त्यालाही कळत होतं. फरक एवढाच की लहानपणी त्याच्या दम्यासाठी अख्खं घर हललं होतं.

पुढे उत्तरेच्या वाळवंटात, चुकिकामाता या अमेरिकी मालकीच्या प्रचंड तांब्याच्या खाणीकडे जाताना, त्यांना एक कामगार जोडपं भेटलं. नवरा कम्युनिस्ट म्हणून तुरुंगात जाऊन आलेला. काम शोधत दोघं डोंगरातल्या गंधकाच्या खाणींकडे निघाली होती. तिथली परिस्थिती इतकी वाईट की, येणाऱ्याला त्याचं राजकारण कुणी विचारत नसे. रात्र गोठवणारी. त्या दोघांकडे अंगावर घ्यायला काही नव्हतं, म्हणून मित्रांनी आपल्या दोन ब्लँकेटांपैकी एक त्यांना दिलं.

पेरूमध्ये लिमाचे डॉक्टर ऊगो पेसे यांनी त्यांना आसरा दिला आणि अ‍ॅमेझॉनच्या काठावरच्या सान पाब्लो कुष्ठवसाहतीत पाठवलं. त्याच सुमाराला इकडे वरोऱ्याजवळ बाबा आमटे आनंदवन उभं करत होते. कुष्ठरुग्णाला हात लावायला जग किती घाबरायचं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. या दोघांनी हातमोजे न घालता हस्तांदोलन केलं, रुग्णांबरोबर फुटबॉल खेळले. अर्नेस्टोचा चोविसावा वाढदिवस तिथेच झाला. निघताना त्यांच्यासाठी एक तराफा बांधण्यात आला होता.

जुलैअखेर काराकासला वाटा वेगळ्या झाल्या. अल्बर्टोला तिथल्या कुष्ठरुग्णालयात नोकरी मिळाली. अर्नेस्टोने डिग्री पुरी करायचा शब्द आईला दिला होता. तो रेसचे घोडे नेणाऱ्या मालवाहू विमानातून निघाला. पुढचा बेत ठरला होता : डॉक्टर व्हायचं आणि अल्बर्टोकडे परतायचं. १९५३ मध्ये डॉक्टर होऊन तो खरंच व्हेनेझुएलाला निघालाही. पण इक्वेडोरमध्ये भेटलेल्या काही दोस्तांच्या नादाने त्याने ऐनवेळी ग्वाटेमालाचा रस्ता धरला. हाही प्लॅन तसाच, बसल्या बैठकीत ठरलेला.

ग्वाटेमालात त्याने १९५४ मध्ये अमेरिकेच्या मदतीने सरकार उलथलेलं पाहिलं. मेक्सिकोत फिडेल कॅस्ट्रो भेटला. १९५९ मध्ये क्यूबाची क्रांती यशस्वी झाली, आणि हाच डॉक्टर ला काबान्या किल्ल्यावर माणसांना गोळ्या घालण्याच्या शिक्षांना मंजुरी देऊ लागला. टी-शर्ट घालणाऱ्याला हेही ठाऊक असावं. ९ ऑक्टोबर १९६७ ला बोलिव्हियात त्याला मारण्यात आलं. वय एकोणचाळीस.

अल्बर्टोने बंदूक उचलली नाही. १९६१ मध्ये तो बायको-मुलांसह क्यूबाला गेला, सान्तियागोच्या मेडिकल कॉलेजच्या उभारणीत राबला, शिकवत राहिला, संशोधन करत राहिला. त्याचा टी-शर्ट कुठे मिळत नाही. २०११ मध्ये, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, हवानात तो गेला.

२००४ मध्ये या प्रवासावर ‘द मोटरसायकल डायरीज’ हा सिनेमा आला. शेवटी विमान अर्नेस्टोला घेऊन उडतं. त्यानंतर पडद्यावर येतो तो नट नाही. तो ऐंशी ओलांडलेला खरा अल्बर्टो आहे, विमान गेलं त्या दिशेला बघणारा.