गॅसच्या लायटरपासून पित्तनलिकेतल्या सोनोग्राफीपर्यंत: पिएर क्युरीचा स्फटिक

स्वयंपाकघरातल्या गॅस लायटरचा खटका दाबला की ठिणगी पडते. आत सेल नसतो. असतो तो एक छोटा सिरॅमिकचा तुकडा, ज्यावर फटका बसला की वीज तयार होते. काही फोनमध्ये स्क्रीनखाली अल्ट्रासॉनिक फिंगरप्रिंट सेन्सर असतो ना, तोही याच गुणावर चालतो. आणि याच जातीचा बारीकसा तुकडा दोनेक मिलिमीटर जाडीच्या नळीच्या टोकाला बसवून डॉक्टर तो थेट पित्तनलिकेत सोडतात.

हा गुण शोधणाऱ्या दोघांपैकी एक पिएर क्युरी. मेरी क्युरीचा नवरा म्हणूनच आपण त्याला ओळखतो, पण मला त्याची लग्नाआधीची गोष्ट जास्त आवडते.

१५ मे १८५९ ला पॅरिसमध्ये जन्म. वडील डॉक्टर. पोरगा लहानपणी शाळेत गेलाच नाही, घरीच शिकला, आणि अठराव्या वर्षी पदवीधर झाला! १८८० मध्ये, एकविसाव्या वर्षी, त्याने थोरला भाऊ जाक याच्यासोबत क्वार्ट्झ, टूर्मलीन, अगदी उसाच्या साखरेचेही स्फटिक घेतले आणि दाबून पाहिले. दाब पडला की स्फटिकावर विद्युतभार येत होता. लगेच लिपमन या शास्त्रज्ञाने गणितातून सांगितलं की उलटंही व्हायला हवं. भावांनी करून पाहिलं. खरंच, वीज दिली की स्फटिक किंचित आकसतो, प्रसरतो.

हे उलटं फार महत्त्वाचं आहे. सेकंदाला लाखो वेळा वीज उलटसुलट केली की स्फटिक थरथरतो आणि कानाला ऐकू न येणारा आवाज सोडतो. तो आवाज कुठेतरी आपटून परत आला की त्याच स्फटिकाला दाबतो, परत वीज तयार होते, कॉम्प्युटर त्यातून चित्र काढतो. सोनोग्राफी म्हणजे एवढंच.

पिएरला मात्र यातलं काही पाहायला मिळालं नाही. जाक दुसऱ्या गावी नोकरीला गेला. पिएर १८८२ पासून पॅरिसच्या एका नव्या औद्योगिक शाळेत पोरांना शिकवत राहिला. १८९५ मध्ये डॉक्टरेट आणि त्याच वर्षी मेरीशी लग्न. दोघं सायकलींवरून फिरायला गेले. पुढे युरेनियमच्या किरणांमुळे तयार होणारी अगदी क्षीण वीज मोजायला मेरीने भावांनी क्वार्ट्झपासून बनवलेलंच उपकरण वापरलं. म्हणजे १८९८ च्या रेडियमच्या शोधामागेही तोच स्फटिक! १९०३ मध्ये नोबेल. फ्रेंच सरकारचा मानाचा किताब त्याने नाकारला, त्याला प्रयोगशाळा हवी होती. १९ एप्रिल १९०६ ला पावसात रस्ता ओलांडताना घोडागाडीखाली सापडून तो गेला. वय ४६.

त्याचा विद्यार्थी पॉल लांजव्हँ याने पहिल्या महायुद्धात क्वार्ट्झ वापरून समुद्रात पाणबुड्या शोधायचं यंत्र बनवलं. सोनोग्राफी त्याच वाटेने पुढे आली.

आता वाशिमकडे येऊ. आपल्याकडे रिसोड काय, कारंजा काय, कावीळ झाली की आधी ती 'उतरवायला' नेतात. गळ्यात माळ, चुन्याच्या पाण्यात हात. विषाणूमुळे झालेली कावीळ बरेचदा आपोआप बरी होते, म्हणून माळेला श्रेय मिळतं. पण पित्तनलिकेत खडा अडकला किंवा गाठ आली तर पित्त तुंबतं, आणि माळेच्या नादात गेलेले आठवडे महागात पडतात.

पोटावरच्या सोनोग्राफीलाही नलिकेचं खालचं टोक नीट दिसत नाही, कारण मध्ये आतड्यातली हवा येते आणि आवाज हवेवर आपटून मागे फिरतो. म्हणून तोंडातून एंडोस्कोप आतड्यापर्यंत नेतात आणि बारीक तारेवरून प्रोब नलिकेत सरकवतात. पोटावरचा प्रोब साधारण ३ ते ५ मेगाहर्ट्झचा, हा साधारण २० चा. तरंग मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान, म्हणून नलिकेच्या भिंतीचे थर दिसतात. बदल्यात जेमतेम दोन सेंटीमीटर खोलवरचंच दिसतं, पण नलिकेसाठी तेवढं पुरतं. प्रोबचं टोक आत गोल फिरतं आणि चौफेर चित्र मिळतं. खडा चमकतो, मागे सावली पडते. गाळाला सावली नसते. गाठ असेल तर थर विस्कटलेले दिसतात, तरी कॅन्सर ठरवायला बायोप्सी लागतेच.

हा प्रोब महाग आणि नाजूक. सगळीकडे मिळत नाही, आणि फार थोड्या पेशंटना लागतो. डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढरट आणि अंगाला खाज असेल तर आधी रक्तातलं बिलिरुबिन आणि पोटाची साधी सोनोग्राफी करतात. अडथळा वाटला तर एमआरसीपी, म्हणजे नलिकेचा एमआरआय. त्यातूनही उलगडलं नाही तर मग अशा प्रोबचा विचार होतो.