येवल्याची अंबा : ललिता पवार

खुलताबादेहून वैजापूरमार्गे पश्चिमेस गेल्यास येवले लागते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा तेथेच केली, म्हणून ते नाव आमच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ आहे. त्याच येवल्यात १८ एप्रिल १९१६ रोजी रेशमाचे व्यापारी लक्ष्मणराव सगुण यांच्या घरी अंबा जन्मली, हे मात्र त्यांना ठाऊक नसते. मुलींना शाळेत धाडण्याची रीत नव्हती. शाळेच्या वयात ही मुलगी मूकपटांत गेली, महिना १८ रुपये पगारावर. पुढे ती ललिता पवार झाली.

आज नवल वाटेल, परंतु ललिताबाई त्या काळी नायिका होत्या. १९३२ मध्ये ‘कैलास’ हा मूकपट त्यांनी स्वतः काढला. वि. स. खांडेकरांच्या कथेवरील, मास्टर विनायक दिग्दर्शित ‘अमृत’ (१९४१) या चित्रपटात त्यांनी चर्मकाराच्या पत्नीची भूमिका केली. चर्मकाराचा संसार पडद्यावर येणे ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती, असे आम्ही मानतो.

१९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात सहकलाकार भगवान यांची थप्पड नको तितक्या जोरात बसली. हेतू वाईट नव्हता. पण चेहऱ्याला पक्षाघात झाला, तीन वर्षे उपचार चालले आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकापद गेले. बाई परतल्या त्या खाष्ट सासू होऊन. शरीरात व्यंग म्हणजे मनात दुष्टपणा, हे समीकरण कथापुराणांनी आपल्याकडे केव्हाच रुजवले होते. कुबड असलेली मंथरा हे त्याचेच उदाहरण. चित्रपटवाल्यांनी ते आयते उचलले. दूरदर्शनवरील ‘रामायण’ मालिकेत मंथराही ललिताबाईंच्याच वाट्याला आली. एक डोळा बारीक करून त्यांची नक्कल करणाऱ्यांत आम्हीही होतो. त्या डोळ्याची हकीकत पुढे वाचनात आली, तेव्हा आम्हाला आमचीच लाज वाटली.

‘अनाडी’ (१९५९) मधील मिसेस डिसा मात्र विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहावी. तोंडाने फटकळ, अंतःकरणाने माउली अशी ही घरमालकीण बाईंनी त्याच चेहऱ्याने, त्याच डोळ्याने उभी केली. त्याबद्दल त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९६१ मध्ये संगीत नाटक अकादमीनेही गौरविले.

२४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात औंध येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी घरात त्या एकट्याच होत्या.