यार्देन नदी उतरलेला लिंच

यार्देनेचें नांव आपल्या मंडळ्यांतील मुलांसही ठाऊक आहे. ती होडीनें उतरून मोजणारा विल्यम लिंच मात्र थोड्यांसच ठाऊक असेल. हा अमेरिकन आरमाराचा अधिकारी १८०१ सालीं जन्मला. त्याच्यापूर्वीं कॉस्टिगन (१८३५) व मॉलिनो (१८४७) हे त्या मार्गानें गेले, आणि दोघेही तापानें मेले. तरी १८४८ त लिंच निघाला. एक तांब्याची व एक लोखंडाची अशा दोन होड्या त्यानें अक्को बंदरापासून गालील समुद्रापर्यंत उंटांकडून ओढवून नेल्या. तेथून क्षारसमुद्र सरळ वाटेनें ६० मैल. पण नदीचीं वळणें इतकीं कीं, त्यास सुमारें २०० मैल जावें लागलें. वाटेंत मोठे खळाळच २७. यार्देन म्हणजे उतरणारी. क्षारसमुद्र महासागराच्या सपाटीखालीं सुमारें १३०० फूट आहे, असें त्याच्या मोजणींत आलें.

१८ एप्रिलच्या पहाटे बाप्तिस्म्याच्या घाटावर हजारों यात्रेकरू स्नानास उतरले. प्रवाह जोराचा. कोणी वाहून जाऊं लागल्यास हात द्यावा म्हणून लिंचनें आपल्या होड्या जवळच सज्ज ठेविल्या. त्याच्या साऱ्या मोजमापांपेक्षां हें आम्हांस अधिक मोलाचें वाटतें.

त्याचा सोबती डेल त्याच जुलैंत लबानोनांत तापानें वारला. पुढें यादवी युद्धांत लिंच गुलामगिरी राखूं पाहणाऱ्या दक्षिणेकडून लढला, याचें आम्हांस दुःख होतें. १८६५ त बाल्टिमोर येथें तो मरण पावला.