टोपीची पिन, मोज्याचा पट्टा आणि विहिरीचं पाणी

हायवेवर गाडीच्या बॉनेटमधून वाफ यायला लागली की आपण काय करतो? गाडी बाजूला घेतो, बॉनेट उघडतो, दोन मिनिटं उगाच आत बघत उभे राहतो आणि मग फोन काढतो. मेकॅनिकला, बाबांना, नाहीतर कारवाल्या मित्राला लावतो. आता समजा फोन नाही. मेकॅनिक नाही. पेट्रोल पंप नाही. रस्त्यावर तुमच्याशिवाय दुसरी मोटारगाडीच नाही. सोबत दोन शाळकरी मुलं आहेत आणि अजून बरंच अंतर जायचंय.

ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीतली ३९ वर्षांची एक बाई नेमकी या परिस्थितीत होती. तिचं नाव बर्था बेंझ. आडनाव ओळखीचं वाटलं ना? हो, तीच बेंझ. ज्या गाडीसमोर आपण सेल्फी काढतो, त्या नावामागे कार्ल बेंझ नावाचा इंजिनीअर होता हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्याची गाडी खऱ्या रस्त्यावर पहिल्यांदा कोणी तपासली, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही.

हुंड्याच्या पैशांतून कारखाना

बर्थाचा जन्म ३ मे १८४९ चा, फोर्ट्सहाइम गावातला. माहेरचं आडनाव रिंगर. वडील सुतारकामातून पैसा कमावलेले, घर खाऊनपिऊन सुखी. असं सांगतात की, तिच्या जन्माच्या वेळी वडिलांनी घरच्या बायबलमध्ये पुन्हा मुलगीच झाल्याची खंत लिहून ठेवली होती आणि लहानपणी कधीतरी ती नोंद तिच्या हाती लागली. पोरीला यंत्रांची भारी आवड. पण त्या काळच्या जर्मनीत मुलींना तंत्रशिक्षणाचं दारच बंद होतं.

१८६९ मध्ये एका सहलीत तिची कार्लशी ओळख झाली. हा पोरगा खिशाने रिकामा, पण डोक्यात घोड्याशिवाय चालणारी गाडी. १८७१ मध्ये त्याने मानहाइममध्ये ऑगस्ट रिटर नावाच्या भागीदारासोबत वर्कशॉप काढलं. भागीदार काही धड निघाला नाही आणि धंदा बुडायची वेळ आली. तेव्हा बर्थाने लग्नाआधीच आपल्या हुंड्याची रक्कम मागून घेतली आणि त्यातून भागीदाराला बाजूला केलं. आजच्या भाषेत सांगायचं तर स्टार्ट-अपची पहिली इन्व्हेस्टर तीच. २० जुलै १८७२ ला दोघांचं लग्न झालं आणि गंमत बघा, तेव्हाच्या कायद्याने लग्नानंतर बायकोच्या पैशांवर नवऱ्याचा अधिकार. म्हणजे पैसा तिचा, पण कागदावर तिचं नाव कुठेच नाही.

पुढची वर्षं ओढाताणीची होती. कर्ज, मुलं, वर्कशॉप. ३१ डिसेंबर १८७९ च्या रात्री जेवणं झाल्यावर तिच्याच आग्रहाने दोघं पुन्हा वर्कशॉपमध्ये गेले आणि बरेच दिवस रुसलेलं टू-स्ट्रोक इंजिन त्या रात्री एकदाचं सुरू झालं. १८८३ मध्ये नव्या भागीदारांसोबत बेंझ अँड कंपनी उभी राहिली. २९ जानेवारी १८८६ ला कार्लने तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. एकच सिलिंडर, ९५४ सीसी, ताकद पाऊण हॉर्सपॉवरच्या आसपास. तुमच्या स्कूटीची ताकद याच्या कितीतरी पट जास्त असते.

गाडी आहे, गिऱ्हाईक नाही

पेटंट मिळालं, पण गाडी कोणी घेईना. लोकांना ती भीतिदायक वाटायची, आवाज करायची, मध्येच बंद पडायची. कार्ल स्वभावाने चिकित्सक. अजून थोडं सुधारू, अजून थोडं, असं त्याचं चाललेलं. गाडी शहराबाहेर लांब नेऊन दाखवायला तो तयार नव्हता. बर्थाला दिसत होतं की हे असंच चालू राहिलं तर तिने लावलेला सगळा पैसा आणि सोळा वर्षांचा संसार दोन्ही पाण्यात जाणार.

मग तिने ठरवलं. शाळेला सुट्टी होती. एका पहाटे, नवरा झोपेत असताना, तिने १५ वर्षांचा ऑइगेन आणि १३ वर्षांचा रिचर्ड यांना उठवलं. गाडीचा आवाज होऊ नये म्हणून तिघांनी ती आधी घरापासून लांब ढकलत नेली, मग मागचं मोठं चाक हाताने फिरवून इंजिन सुरू केलं. जायचं होतं तिच्या आईकडे, फोर्ट्सहाइमला. अंतर साधारण १०५ किलोमीटर. तोपर्यंत मोटारगाडीने इतका लांबचा प्रवास कोणीच केला नव्हता.

एकामागून एक झोल

आता सुरू झाली खरी परीक्षा. इंधन कार्बोरेटरमध्येच मावेल तेवढं, जेमतेम साडेचार लिटर. वीसलोख गावात ते संपत आलं. हे इंधन म्हणजे लिग्रॉइन, कपड्यांवरचे डाग काढायला वापरायचे ते. ते मिळायचं औषधाच्या दुकानात. बर्थाने तिथून ते विकत घेतलं. ते औषधाचं दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून मिरवतं.

पुढे इंधनाची नळी तुंबली. तिने टोपीची लांब पिन काढली आणि नळी साफ केली. इग्निशनच्या वायरवरचं आवरण झिजलं, तर पायातल्या मोज्याचा पट्टा काढून त्याने वायर गुंडाळली. ब्रुखझालला लोहाराकडून साखळी दुरुस्त करून घेतली. चढावर गाडी दम टाकायची, तेव्हा उतरून ढकलली. उतारावर लाकडी ब्रेक झिजून निकामी व्हायला लागले, तर बाउशलॉटला एका चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. आज आपण ज्याला ब्रेक लायनर म्हणतो, त्याची सुरुवात ही.

आणि या सगळ्यात सतत एक काम चालू होतं: पाणी भरणं.

कारण असं की त्या गाडीला रेडिएटर नव्हताच. इंजिनात इंधन जळतं, त्यातली थोडीच ऊर्जा चाकांपर्यंत पोचते; बाकीच्या ऊर्जेतली बरीच उष्णता बनून धातूत शिरते. कार्लने सिलिंडरभोवती पाणी ठेवलं होतं. ते पाणी उकळायचं आणि वाफ होऊन उडून जायचं. ऐकायला येडपट वाटतं, पण त्यामागचं फिजिक्स पक्कं आहे. १ लिटर पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या साडेसहा पटीहून जास्त उष्णता त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला लागते. म्हणजे थोडं पाणी भरपूर उष्णता घेऊन जातं. जोवर पाणी आहे तोवर इंजिन सुरक्षित. पाणी संपलं की धातू तापून फुगणार आणि पिस्टन सिलिंडरमध्ये अडकणार. म्हणून विहीर दिसली, ओढा दिसला, खानावळ दिसली की थांबा आणि भरा. पोरांनी आणि आईने दिवसभर हेच केलं.

संध्याकाळी तिघं फोर्ट्सहाइमला पोचले आणि तिने कार्लला तार करून कळवलं. काही दिवसांनी ते दुसऱ्या रस्त्याने त्याच गाडीतून परतही आले.

फिरणं नव्हे, फील्ड टेस्ट

बर्थाने घरी आल्यावर कार्लला यादीच दिली म्हणा ना. चढासाठी आणखी एक गिअर हवा. ब्रेकना चामडं हवं. गाडीत हे बदल झाले. त्याच सप्टेंबरमध्ये म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळालं आणि हळूहळू ऑर्डरी यायला लागल्या. शतक संपताना बेंझची कंपनी जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपन्यांमध्ये होती. १९२६ मध्ये ती डाइम्लरच्या कंपनीत विलीन झाली आणि मर्सिडीज-बेंझ हे नाव आलं.

पेटंटवर नाव एकट्या कार्लचंच राहिलं. पण १९२५ मध्ये आलेल्या आत्मचरित्रात त्याने कबूल केलं की वाईट दिवसांत सगळे पांगले, तेव्हा सोबत उरली ती फक्त बायको. कार्ल १९२९ मध्ये गेला. बर्था लाडेनबुर्गच्या घरी राहिली. ९५ व्या वाढदिवशी कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यापीठाने तिला मानद सिनेटर केलं. कार्ल शिकला त्याच गावातली ही संस्था; बर्थाच्या तरुणपणी तिथे मुलींना प्रवेश नव्हता. त्यानंतर दोनच दिवसांनी, ५ मे १९४४ ला ती वारली. २००८ पासून तिच्या जाण्यायेण्याचा १९४ किलोमीटरचा मार्ग तिच्या नावाने ओळखला जातो.

तुमची गाडी तापली तर

आजच्या गाडीत पाणी उडून जात नाही. कूलंट बंद नळ्यांमधून रेडिएटरपर्यंत फिरतं. ही यंत्रणा दाबाखाली असते, म्हणून आतलं कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. त्यामुळे गरम गाडीचं रेडिएटरचं झाकण कधीच उघडायचं नाही. दाब गेला की क्षणात वाफ होते आणि तोंड-हात भाजतात.

काटा वर चढताना दिसला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा (तो इंजिनची थोडी उष्णता खेचून घेतो), गाडी बाजूला घेऊन बंद करा आणि नीट गार होऊ द्या. मग एकेक तपासा. कूलंटची पातळी किती? खाली ओघळ आहे का? रबरी पाइप फुगलाय किंवा चिरलाय का? ट्रॅफिकमध्ये तापते पण वेगात असताना ठीक राहते, तर संशय पंख्यावर. वेगातही तापते, तर तुंबलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट किंवा थकलेला वॉटर पंप. गळती दिसत नाही, तरी कूलंट कमी होतंय आणि मागून पांढरा धूर येतोय, तर गाडी चालवू नका. हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं. तापलेल्या इंजिनावर गार पाणी मात्र ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो.

घरी थर्मोस्टॅट बदलायला गेलात आणि बोल्ट गंजून जाम असेल, तर जोर लावण्याआधी थांबा. ब्रशने गंज झाडा, गंज सोडवणारं तेल मारा आणि रात्रभर मुरू द्या. सकाळी हलके ठोके द्या, बरोबर मापाचा सहा बाजूंचा सॉकेट पूर्ण बसवा, आधी किंचित आवळा आणि मग सोडा. जरा सुटला, की पुन्हा तेल, पुन्हा मागे-पुढे. घाई केलीत तर डोकं तुटून बोल्ट आतच राहील आणि मग मेकॅनिककडे जावंच लागेल.

बर्थाकडेही त्या दिवशी टूलबॉक्स नव्हता. आधी बिघाड नेमका कुठे आहे ते ती बघायची, मग हाताशी काय आहे ते शोधायची, आणि जे स्वतःला जमत नव्हतं त्यासाठी सरळ लोहाराचं, नाहीतर चांभाराचं दार ठोठवायची.