बिशप अझरिया

भारतातील ख्रिस्ती धर्मकार्याच्या इतिहासात वेदनायगम सॅम्युअल अझरिया यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांचा जन्म 17 ऑगस्ट 1874 रोजी तमिळ प्रदेशातील तिरुनेलवेली भागात वेल्लालनविलै या खेड्यात झाला. त्यांचे वडील गावातील चर्चचे पाळक होते. वडील लवकर वारले. आईने मोठ्या कष्टाने व शिस्तीने मुलाला वाढवले.

उच्च शिक्षणासाठी अझरिया मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला आले. तेथील ख्रिश्चन कॉलेजात गणित हा त्यांचा आवडता विषय होता. परंतु परीक्षेच्या वेळी आजारी पडल्यामुळे त्यांना पदवी मिळाली नाही. पुढे वाय. एम. सी. ए. या तरुणांच्या ख्रिस्ती संस्थेचे चिटणीस म्हणून त्यांनी दक्षिण भारतभर प्रवास केला.

त्या काळी धर्मकार्याची सूत्रे परदेशी मिशनऱ्यांच्या हाती होती. पैसा त्यांचा आणि निर्णयही त्यांचेच. भारतीय माणूस बहुधा मदतनीसच राही. 1902 साली अझरिया श्रीलंकेतील जाफना येथे गेले. तेथील तमिळ ख्रिस्ती लोक स्वतःच्या खर्चाने धर्मप्रचार करीत होते. ते पाहून त्यांच्या मनाने घेतले, की आपल्या लोकांनाही हे साधेल. 1903 मध्ये तिरुनेलवेलीत भारतीयांची, भारतीयांच्या पैशावर चालणारी मिशनरी संस्था त्यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. 1905 मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे राष्ट्रीय पातळीवरची संस्थाही निघाली.

तिरुनेलवेलीच्या संस्थेने निजामाच्या राज्यातील दोर्नकल हे कार्यक्षेत्र निवडले. दुसऱ्यांना तेथे पाठवून आपण मागे राहणे अझरियांना पटले नाही. 1909 मध्ये चिटणीसपद सोडून ते स्वतः दोर्नकलला गेले. तेथील भाषा तेलुगू होती. ती ते नव्याने शिकले. 1910 साली एडिनबरो येथील जागतिक परिषदेत त्यांनी परदेशी मिशनऱ्यांना स्पष्ट शब्दांत सुनावले. त्यांचा त्याग मोठा असला तरी भारतीयांना ते बरोबरीचे मित्र मानत नाहीत, ही त्यांची व्यथा होती. हे बोलणे अनेकांना झोंबले.

29 डिसेंबर 1912 रोजी कलकत्त्यात त्यांना बिशपपदाची दीक्षा देण्यात आली. अँग्लिकन चर्चचे ते पहिले भारतीय बिशप होत. या नेमणुकीला युरोपियनांप्रमाणे काही भारतीयांचाही विरोध होता. अझरियांनी त्याला कामाने उत्तर दिले.

दोर्नकलच्या परिसरातील बहुसंख्य ख्रिस्ती लोक अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील, गरीब व निरक्षर होते. अशा लोकांतूनच शिक्षक आणि पाळक घडवता येतील, असा अझरियांचा विश्वास होता. त्यांनी दोर्नकलला प्रशिक्षणाची सोय केली. विवाहित उमेदवाराबरोबर त्याच्या पत्नीलाही शिक्षण मिळे. कारण खेड्यात दोघांनाही काम करायचे असे. अभ्यासाला शरीरश्रमाची जोड होती. पाळक साहेबी थाटाचा न होता गावात मिसळणारा असावा, याकडे त्यांचा कटाक्ष होता. बाप्तिस्मा घेणाऱ्या प्रत्येकाने आपला विश्वास इतरांना सांगावा, असा त्यांचा आग्रह असे. ते स्वतः बैलगाडीने व सायकलने गावोगाव हिंडत.

धर्मांतराच्या प्रश्नावर महात्मा गांधी आणि अझरिया यांच्यात तीव्र मतभेद होते. तथापि, ख्रिस्ती समाजासाठी स्वतंत्र मतदारसंघ असावेत, या कल्पनेला अझरियांनीही विरोध केला. आपला समाज देशापासून वेगळा पडू नये, अशी त्यांची इच्छा होती. 1939 मध्ये पूर्ण झालेल्या दोर्नकलच्या चर्चमध्ये मशिदीसारखे घुमट आणि मंदिरासारखे खांब आहेत. त्यांची दृष्टी त्या वास्तूतही दिसते.

निरनिराळ्या पंथांच्या चर्चनी एकत्र यावे, यासाठी ते 1919 पासून झटले. 1 जानेवारी 1945 रोजी दोर्नकल येथे त्यांचे निधन झाले. 27 सप्टेंबर 1947 रोजी मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथेड्रलमध्ये दक्षिण भारतातील संयुक्त चर्चची स्थापना झाली. तो दिवस पाहणे अझरियांच्या नशिबी नव्हते. परंतु त्यांनी घडवलेली माणसे खेडोपाडी ते काम पुढे नेत होती.