क्रियाविशेषणाला जागा देणारा मास्तर

इंटर्नशिपचा फॉर्म भरताना तुमचं कधी असं झालंय का? इंग्रजीत स्वतःबद्दल चार ओळी लिहायच्या असतात. आपण काय काय केलं ते सांगायचं, म्हणजे वाक्याच्या सुरुवातीला 'आय' आणि क्रियापद भूतकाळी. इथपर्यंत ठीक. मग त्यात 'इमिजिएटली' घालावंसं वाटतं आणि बोटं कीबोर्डवर थबकतात. 'आय इमिजिएटली सेंट द रिपोर्ट'? 'आय सेंट इमिजिएटली द रिपोर्ट'? की 'आय सेंट द रिपोर्ट इमिजिएटली'? मराठीत 'मी लगेच रिपोर्ट पाठवला' म्हणा नाहीतर 'मी रिपोर्ट लगेच पाठवला' म्हणा, कोणी हटकत नाही. इंग्रजीत मात्र मधलं वाक्य वाचून समोरचा हमखास अडखळतो.

असल्याच अडचणींवर शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने जाडजूड पुस्तक लिहिलं. त्याचं नाव हेन्री वॉटसन फाउलर. कॉलेजच्या लायब्ररीत 'कन्साइज ऑक्सफर्ड डिक्शनरी' तुम्ही नक्की पाहिली असेल. तिची पहिली आवृत्ती याने आणि याच्या धाकट्या भावाने मिळून केली. पण थांबा, हा कुणी विद्यापीठातला बडा प्रोफेसर होता असं समजू नका. हा होता नोकरी सोडलेला शाळामास्तर.

जन्म १८५८ चा, इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या टनब्रिज गावचा. आठ भावंडांत हा थोरला. शिक्षण रग्बी शाळेत आणि नंतर ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात झालं. १८८२ मध्ये तो उत्तर इंग्लंडातल्या सेडबर्ग शाळेत शिकवायला लागला आणि तिथे चांगली सतरा वर्षं रमला. लाजाळू, शिस्तीचा, पहाटे उठून पोहायला जाणारा मास्तर.

मग एक पेच आला. शाळेत बढती घ्यायची तर मुलांची चर्चमधल्या एका धार्मिक विधीसाठी तयारी करून घेणं भाग होतं. फाउलरची त्यावर श्रद्धा नव्हती. वर्गात उभं राहून थोडं नाटक केलं असतं तर भागलं असतं. किती जण तेच करतात! पण जे आपल्याला पटत नाही ते मुलांना शिकवणार नाही, असं म्हणून त्याने १८९९ मध्ये राजीनामा दिला. तेव्हा वय होतं एक्केचाळीस. हातात दुसरी नोकरी नाही.

काही वर्षं लंडनमध्ये लेख लिहून काढली. १९०३ मध्ये तो ग्वर्नसी नावाच्या बेटावर गेला. तिथे त्याचा धाकटा भाऊ फ्रॅंक टोमॅटो पिकवत होता. शेतकरी भाऊ आणि माजी मास्तर, दोघांनी मिळून आधी ल्यूशन या प्राचीन ग्रीक लेखकाचं भाषांतर केलं. मग १९०६ मध्ये 'द किंग्ज इंग्लिश' आलं. त्यात त्यांनी मोठमोठ्या वर्तमानपत्रांतली आणि नामवंत लेखकांची चुकलेली वाक्यं काढून दाखवली. वाचकांना मजा वाटली, पुस्तक गाजलं. १९११ मध्ये 'कन्साइज'. मध्ये १९०८ साली हेन्रीने लग्न केलं, तेही स्वतःच्या पन्नासाव्या वाढदिवशी. सगळं छान चाललं होतं.

आणि पहिलं महायुद्ध सुरू झालं. सैन्यात भरती व्हा, असं हेन्री तरुण पोरांना सांगत होता. मग त्याला वाटलं, दुसऱ्यांना पाठवायचं आणि आपण घरी बसायचं, हे बरं नव्हे. १९१५ मध्ये तो भावासह स्वतः भरती झाला. वय सत्तावन्न, सांगितलं चव्वेचाळीस! नोकरीसाठी एक असत्य न बोललेल्या माणसाने आघाडीवर जाण्यासाठी तेरा वर्षं लपवली. पण फ्रान्समध्ये गेल्यावर त्यांच्या वाट्याला भांडी घासणं आणि कोळसा वाहणं आलं. प्रकृती ढासळून दोघे परतले. फ्रॅंकला क्षयाने गाठलं आणि १९१८ मध्ये तो गेला. हेन्रीपेक्षा तो बारा-तेरा वर्षांनी लहान होता.

दोघांनी मिळून एका मोठ्या पुस्तकाचा आराखडा केला होता. आता ते एकट्याने लिहायचं होतं. हेन्रीने लिहिलं. १९२६ मध्ये 'अ डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश यूसेज' प्रसिद्ध झालं. ते त्याने भावाच्या स्मृतीला अर्पण केलं.

आता आपल्या फॉर्मकडे येऊ. फाउलरने या पुस्तकात क्रियाविशेषणाच्या जागेवर वेगळा लेखच लिहिलाय. क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यात विनाकारण क्रियाविशेषण घुसवू नका, हे तो बजावतो. म्हणजे 'आय सेंट इमिजिएटली द रिपोर्ट' बाद! 'हॅव', 'हॅड' असं सहायक क्रियापद असेल तर मात्र क्रियाविशेषणाची हक्काची जागा त्या दोघांच्या मधली. 'आय हॅव रिसेंटली कम्प्लीटेड' लिहायला घाबरायचं काही कारण नाही.

घाबरायचं म्हटलं, कारण त्या काळी लोक खरंच घाबरत. 'टू' आणि क्रियापद यांच्यात शब्द घालणं म्हणजे पाप, असं शाळाशाळांतून घोकून घेतलं जाई. या धाकापायी लोक जिथे बंदी नाही तिथलीही क्रियाविशेषणं हलवून वाक्यं वाकडी करत. फाउलरने या भीतीची मस्त टिंगल केली. 'ओन्ली'चंही तसंच. 'आय ओन्ली एट टू सॅंडविचेस' म्हटलं की व्याकरणवाले तुटून पडत, 'ओन्ली' 'टू'च्या शेजारीच हवं म्हणून. फाउलरचं म्हणणं असं की अर्थ स्पष्ट असेल तर उगाच छळू नका, अर्थ बिघडत असेल तर मात्र शब्द हलवा.

अर्थ कसा बिघडतो? दोन वाक्यं बघा. 'आय ऑलमोस्ट फिनिश्ड द होल प्रोजेक्ट' आणि 'आय फिनिश्ड ऑलमोस्ट द होल प्रोजेक्ट'. दुसऱ्यात तुम्ही बहुतेक काम उरकलंय. पहिल्यातून, काम संपतासंपता राहिलं, असाही अर्थ निघतो. एक शब्द एक घर सरकला, तर मुलाखतीत वेगळाच प्रश्न येऊ शकतो.

पुस्तक आलं तेव्हा फाउलर सॉमरसेटमधल्या हिंटन सेंट जॉर्ज या खेड्यात राहत होता. सत्तरी जवळ आलेली. घरकामाला नोकर ठेवा, पैसे आम्ही देतो, असं प्रकाशकांनी सुचवलं. त्याने नको म्हणून कळवलं. सकाळी धावणं, पोहणं आणि घरची कामं यांमुळेच आपण धडधाकट आहोत, असं त्याचं मत होतं. १९३० मध्ये पत्नी गेली. १९३३ च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी तोही गेला.

तर पुढच्या वेळी फॉर्म भरताना 'आय सक्सेसफुली कम्प्लीटेड', 'आय पर्सनली हॅंडल्ड' असं लिहाल, तेव्हा या मास्तरची आठवण ठेवा. जागेबद्दल निश्चिंत राहा, साध्या भूतकाळात 'आय' आणि क्रियापद यांच्या मधली जागा बरोबरच आहे. फक्त स्वतःला एवढं विचारा की तो शब्द खरा आहे का? 'पर्सनली' लिहिलंय, पण काम चौघांनी मिळून केलं असेल तर तो शब्द कुठेही ठेवलात तरी चूकच.