गदिमा : सोप्या शब्दांचा मोठा माणूस



आपल्या निगडी-प्राधिकरण भागात ग. दि. माडगूळकरांच्या नावाचे नाट्यगृह आहे. त्याच्यासमोरून जाताना मुलांना एकदा विचारून बघा, हे गदिमा कोण? नाव कदाचित सांगता येणार नाही, पण पावसात मोराला नाचायला बोलावणारे गाणे बहुतेकांना पाठ असेल. ‘देवबाप्पा’ (1953) या चित्रपटातले ते गाणे गदिमांचेच!

गजानन दिगंबर माडगूळकरांचा जन्म 1 ऑक्टोबर 1919 रोजी शेटफळे या गावी झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात येते. सारा दुष्काळी मुलूख आणि घरची गरिबी. शिक्षण औंधला झाले, पण मॅट्रिकला गणिताने दगा दिला. नापास झालेला हा मुलगा पोटासाठी कोल्हापूरला चित्रपटांच्या दुनियेत गेला. ओवी, अभंग, कीर्तन, तमाशा हे सगळे कानावरून गेलेलेच होते. तीच त्याची खरी शिदोरी ठरली. पुढे त्यांनी सुमारे दीडशे मराठी चित्रपटांसाठी लेखन केले. ‘दो आँखें बारह हाथ’ची कथाही त्यांचीच.

आता गीतरामायणाकडे वळू. 1 एप्रिल 1955, रामनवमीचा दिवस. पुणे आकाशवाणीवर पहिले गीत लागले. संगीत सुधीर फडक्यांचे. पुढे वर्षभर दर आठवड्याला एक नवे गीत! त्या वर्षी अधिक महिना आल्यामुळे एकूण 56 गीते झाली. लोक रेडिओभोवती गोळा होऊन ती ऐकत.

रामाची गोष्ट तर सगळ्यांना माहीत होती. मग एवढी ओढ कशाची? गदिमांनी बहुतेक गीते कुणाच्या तरी तोंडी दिली. कधी कौसल्या बोलते, कधी सीता, कधी शबरी. ऐकणाऱ्याला त्यात आपल्याच घरातली माणसे दिसली. चित्रकूटावर राम भरताची समजूत घालतो ते गीत आठवा. वडील गेलेत, राज्य सुटलेय, आणि मोठा भाऊ धाकट्याला सांगतोय की सगळे माणसाच्या हातात नसते. घरात कुणी गेले की आजही अनेकांना हेच गीत आठवते. दुःख त्याने संपत नाही, पण त्याला शब्द मिळतात. गाणे टिकते ते अशा वेळी उपयोगी पडते म्हणून.

1969 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 1973 मध्ये ते यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पुणे-मुंबई रस्त्यावर वाकडेवाडीला त्यांचे ‘पंचवटी’ हे घर आहे. 14 डिसेंबर 1977 रोजी ते गेले, तेव्हा वय अवघे 58.

आपल्या वर्गात कुणाचे आईवडील सांगलीहून आलेले, कुणाचे विदर्भातून, कुणाचे पार परराज्यातून. या मुलांना गदिमांचे एखादे गाणे नुसते ऐकवा. अर्थ लगेच सांगू नका. हे कोण म्हणतेय, कुणाला म्हणतेय, त्याला काय वाटत असेल, एवढेच विचारा. मुले आपोआप बोलू लागतील.

आणि गणितात मागे पडलेल्या मुलाला गदिमांची गोष्ट जरूर सांगा. गणित करायलाच हवे, पण एका निकालावर माणूस संपत नाही, हे त्याला आपल्याकडूनच कळायला हवे.